पेटीचा न्याय

गेवराईसारख्या तालुक्याच्या गांवीं भजनी मंडळासाठीं स्वस्तांतला विजेचा कीबोर्ड घ्यावा कीं नाहीं, असें कोणी विचारलें म्हणजे मला पेटीचा इतिहास आठवतो.

पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनीं तें वाद्य हातभात्याचें करून आपल्या बैठकीला सोयीचें केलें. पेटीचे स्वर अचल, तिच्यांत मींड नाहीं, हा आक्षेप खोटा नव्हता. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीं याचसाठीं श्रुति-हार्मोनियमचा खटाटोप केला. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं घातलेली पेटीबंदी १९७१ सालीं शिथिल झाली. तरीहि गोविंदराव टेंब्यांनीं याच पेटींतून गायकी बोलकी केली. दोष वाद्यांत होता. निकाल वाजविणाराच्या हातीं होता.

कीबोर्डालाहि हाच न्याय लावावा. शेंकडों आवाजांच्या यादीला भुलूं नये. बोटाच्या दाबाप्रमाणें स्वर लहानमोठा होतो काय, एकेक स्वर किंचित् चढवितां-उतरवितां येतो काय, पेटीला न साधलेली मींड त्याच्या चाकावर साधते काय, एवढें पाहावें.

परंतु एक हिशेब दुकानांत होत नाहीं. पेटी सोपी म्हणून आली आणि सारंगीवाल्याला बहुतेक बैठकींतून उठवून बसली. या यंत्रांत तर ठेकाहि आपोआप वाजतो. तो बंद ठेवून पखवाजवाल्याला शेजारीं बसविणार असाल, तर कीबोर्ड खुशाल घ्या. नाहीं तर तो कितीहि स्वस्त पडला तरी महागच.