चालण्याच्या शास्त्राची वाटचाल

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोक मानतात. वर अजिंठ्याच्या डोंगररांगांतील चढउताराचा मुलूख. खालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी, चिकट जमीन. पावसाळ्यांत या जमिनींतून चार पावलें टाकणें धडधाकट माणसालाही कष्टाचें होतें. कपाशीची वेचणी असो, ज्वारीची सोंगणी असो, कीं शेगांवाहून पालखीबरोबर पंढरीची महिनाभराची वाट असो, येथें पोट आणि परमार्थ हीं दोन्ही पायांवरच उभीं आहेत. अशा ठिकाणीं ज्याचा पाय गेला, त्याचें काय गेलें हें वेगळें सांगावयास नको. त्याला पुन्हां चालतें कसें करावें, या प्रश्नाचें उत्तर वैद्यकशास्त्राला फार उशिरां सांपडूं लागलें. आणि तें सांपडलें तें अधू माणसाच्या चालीकडे कोणीतरी लक्ष देऊन पाहिलें म्हणून.

चालणें ही इतकी नित्याची गोष्ट आहे कीं तींत कांहीं शोधण्यासारखें असेल असें सहसा कोणास वाटत नाहीं. वस्तुतः प्रत्येक पाऊल म्हणजे पडतां पडतां सांवरणें होय. पावलाच्या एका पूर्ण फेऱ्यांत शेंकडा साठ भाग वेळ पाय जमिनीवर असतो व शेंकडा चाळीस भाग हवेंत. हवेंतून पुढें जातांना अंगठ्याचें टोंक आणि जमीन यांमध्यें अवघें एक-दीड सेंटिमीटर अंतर राहतें. तेवढा हिशेब चुकला कीं माणूस ठेंचाळतो. शरीराचा गुरुत्वमध्य दर पावलागणिक सुमारें पांच सेंटिमीटर वर-खालीं होतो. तो फार हेलकावूं लागला कीं तेवढ्याच वाटेला अधिक दम लागतो. लंगडणारा माणूस लवकर थकतो तो यामुळेंच.

या हिशेबाचा आरंभ युरोपांत झाला. १८३६ सालीं विल्हेल्म व एडुअर्ड वेबर या जर्मन बंधूंनीं मनुष्याच्या चालीवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यांत असें प्रतिपादिलें कीं, पुढें जाणारा पाय घड्याळाच्या लंबकाप्रमाणें आपोआप झुलतो. कल्पना मोहक होती. परंतु फ्रान्समधील द्यूशेन या वैद्यानें पक्षाघाताचे रुग्ण पाहिले होते. पाय उचलणारे स्नायु ज्यांचे निकामी झाले होते, त्यांचा पाय मुळींच झुलत नसे. लंबकाचा सिद्धान्त अशा रीतीनें रुग्णांच्या साक्षीवरून डळमळीत झाला. त्याच शतकांत बर्लिनच्या रोम्बर्गनें तोलाचें एक मर्म उघड केलें. पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूचा विकार झालेल्या रुग्णाला पाय जुळवून उभें करावें आणि डोळे मिटावयास सांगावें. तो तत्काळ डुलूं लागतो. तळपायाकडून येणारी वर्दी तुटल्यामुळें तो इतके दिवस डोळ्यांच्या आधारावर उभा असतो. तोंड धुतांना डोळे मिटले कीं अशा माणसाचा तोल जातो. पुढें १८९१ सालीं लाइपझिग येथें ब्राउन आणि फिशर यांनीं एका शिपायाच्या अंगावर प्रकाशनळ्या बांधून, अंधारांत त्याच्या चालीचीं छायाचित्रें घेतलीं व त्यांवरून प्रत्येक अवयवाची गति गणितानें मांडली. तेव्हांपासून चाल ही मोजतां येणारी वस्तु झाली.

आपल्याकडे हें शास्त्र तीन प्रकारच्या पावलांच्या निमित्तानें रुजलें: गेलेलें पाऊल, लुळें पाऊल आणि बधिर पाऊल.

गेलेल्या पावलाची चिंता प्रथम युद्धानें करावयास लावली. दुसऱ्या महायुद्धांत हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठीं १९४४ सालीं पुण्यास लष्कराचें कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झालें. परंतु पाश्चात्य धर्तीच्या कृत्रिम पायाची एक अडचण खेडेगांवांत तत्काळ लक्षांत येते. तो पाय बुटासाठीं केलेला; आणि शेतकरी तर अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, जेवावयास मांडी घालतो आणि चिखलांत उतरतो. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयांत डॉ. प्रमोद करण सेठी यांना हेंच दिसलें. मोठ्या खटपटीनें दिलेले पाय रुग्ण घरीं ठेवून देत आणि पुन्हां कुबड्या घेऊन येत. मग डॉ. सेठी आणि रामचंद्र शर्मा या कसबी कारागिरानें मिळून रबराचें पाऊल घडविलें. त्यासाठीं त्यांनीं जुन्या टायरांवर नवें रबर चढविणाऱ्या दुकानाची मदत घेतली. १९६८ सालीं सिद्ध झालेलें हें पाऊल दिसावयास खऱ्या पावलासारखें, सर्व बाजूंनीं लवणारें आणि पाण्याला न भिणारें होतें. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समितीनें तें हजारों गरिबांना विनामूल्य बसवून दिलें, आणि १९८१ सालीं डॉ. सेठी यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. येथें शोध लागला तो केवळ रबराचा नव्हे. रुग्णाला कोणत्या जमिनीवर चालावयाचें आहे, हें आधीं विचारावें, हा खरा शोध होय.

लुळ्या पावलाची कथा मुंबईची आहे. आपल्या लहान मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल या बाईंनीं उपचारांसाठीं खटपट केली. आणि जें एका मुलीला मिळालें तें इतरांच्या मुलांनाही मिळावें, म्हणून १९४७ सालीं अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठीं संस्था उभी केली. १९४९ सालीं मुंबईंत पोलिओच्या संशोधनाचा विभाग निघाला. १९५२ सालीं के. ई. एम. रुग्णालयांत फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. आणि १९५५ सालीं हाजी अलीजवळ भौतिक चिकित्सा व पुनर्वसन यांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. या कामाचें स्वरूप एका उदाहरणावरून कळेल. दर पावलाला मांडीवर हात टेकून चालणारा मुलगा एके काळीं गांवोगांव दिसत असे. लोक त्याला खोड म्हणत. जाणत्या चिकित्सकाला मात्र त्यांत निदान दिसे: गुडघा ताठ धरणारा मांडीचा स्नायु मेला आहे आणि त्याचें काम तो हात करीत आहे. गुडघ्याला कुलूप असलेली लोखंडी पट्टी पायाला बांधली कीं हात मोकळा होई; आणि मोकळ्या हातांत पाटी-दप्तर येई. भारतांतील रानटी विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी १९११ नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनीं, जानेवारी २०११ मध्यें सांपडला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या रोगानें किती पिढ्या अधू केल्या याची कल्पना येते.

तिसरें पाऊल बधिर पाऊल. तें वऱ्हाडला आणि एकंदर विदर्भाला फार जवळचें. कुष्ठरोग्यांना गांवाबाहेर काढण्याच्या काळांत मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें, आणि डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं अमरावतीस तपोवनांत त्यांना आसरा व काम दिलें. १९४९ सालीं बाबा आमटे यांनीं महारोगी सेवा समिति स्थापिली व वरोऱ्याजवळ आनंदवन उभें राहिलें. पण आसरा मिळाला तरी पायांचे व्रण बरे होईनात, बोटें झिजत. रोगानें मांस सडतें, अशी समजूत वैद्यांतही होती.

ही समजूत मोडली डॉ. पॉल ब्रँड यांनीं. तामिळ मुलखांतील कोल्ली टेकड्यांवर जन्मलेले हे इंग्रज शस्त्रवैद्य १९४६ सालीं वेल्लोर येथें आले. त्यांना असें आढळलें कीं रुग्णाचें मांस इतर कोणाच्याही मांसासारखेंच भरून येतें. फक्त त्याला विसांवा मिळाला पाहिजे. तो मिळत नाहीं, कारण रोगानें मज्जातंतु मारल्यामुळें वेदना कळत नाहीं. निरोगी माणूस फार चालला, तळव्याचा एक भाग दुखूं लागला, कीं तो नकळत चाल बदलतो, किंचित् लंगडतो, आणि भार दुसऱ्या भागावर टाकतो. बधिर पायाचा माणूस लंगडत नाहीं. तो त्याच डौलानें, त्याच जागेवर भार देत, कातडी फाटेपर्यंत चालत राहतो. लंगडणें हें व्यंग नसून पुष्कळदां रक्षण असतें, हें अशा रीतीनें उमगलें. मग पाय प्लॅस्टरमध्यें ठेवून व्रण भरूं लागले. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला निघाल्या. आणि ज्यांचें पाऊल लोंबत असे, त्यांच्या पोटरीमागील एका स्नायूची कंडरा पावलाच्या वरच्या बाजूस जोडून, त्या स्नायूला पाऊल उचलण्याचें नवें काम शिकविण्यांत आलें. शस्त्रक्रियेनंतर आठवडेच्या आठवडे व्यायाम करावा लागे. कारण कंडरा हलविली तरी मेंदूला नवा धडा गिरवावाच लागतो.

१९८२ पासून बहुविध औषधांची योजना सुरू झाल्यावर कुष्ठरोग बरा होऊं लागला व पुष्कळ पाय बधिर होण्यापूर्वींच वांचले. तरी बधिर पाऊल नाहींसें झालें नाहीं. तें आतां शहरांतील घरांत आलें आहे. देशांत मधुमेहाचे रुग्ण कोटींनीं मोजावे लागतात, आणि दीर्घ मधुमेहांतही तळपायाची जाणीव हळूहळू जाते. चपलेंतील खडा कळत नाहीं, अंधारांत तोल जातो, लहानसा फोड चिघळून पाय कापण्यापर्यंत पाळी येते. वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या पायांवरून जें शिकावें लागलें, तेंच आज सुखवस्तु घरांतील वडीलधाऱ्यांच्या उपयोगीं पडत आहे: पायांत घालण्यापूर्वीं चपलेंत हात फिरवावा, अनवाणी चालूं नये, आणि रोज रात्रीं तळवे उजेडांत पाहावे. ज्याला ठेंच लागलेली कळते त्यानें तें कळणें भाग्याचें मानावें. ज्याला कळत नाहीं, त्याच्या पावलाकडे घरांतील दुसऱ्या कोणीतरी पाहावें.