डिस्क हातात, आवाज कुलपात

सावंगीच्या होस्टेलांमधून इयरफोन लावून ऐकणाऱ्यांना खास रामराम. आज विषय जरा जुन्या डब्यातला आहे: एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी.

सुरुवात आपल्या शेजारापासून करू. वर्ध्याच्या पलीकडे सेवाग्राम. तिथे १९३६ पासून राहिलेल्या गांधीजींचा आवाज कोलंबिया कंपनीने १९३१ मध्ये लंडनला रेकॉर्ड केला होता. ती ७८ आरपीएमची तबकडी आज कुणाच्या माळ्यावर सापडली, तर सुई ठेवा, आवाज येतो. कंपनीची परवानगी लागत नाही. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समधल्या मंडळींना अशा तबकड्या जपता आल्या, त्यांचा आवाज कॉम्प्युटरवर घेता आला, तो यामुळेच.

आता १९९९ मध्ये या. सोनी आणि फिलिप्सने एसएसीडी आणली. साध्या सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. इथे मात्र नमुना फक्त १ बिटचा, पण सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा! या पद्धतीला डीएसडी म्हणतात. हिशेब केला तर डेटा सीडीच्या बरोबर चौपट. तासाभराच्या स्टिरिओला अडीच जीबी.

पण त्याच वर्षी नॅपस्टर सुरू झालं होतं. सीडी कॉम्प्युटरमध्ये टाकली की पाच-दहा मिनिटांत गाणी बाहेर, आणि तिथून जगभर. कंपन्या घाबरल्या. म्हणून एसएसीडीला दुहेरी कुलूप बसलं. डेटा एन्क्रिप्टेड, आणि तो उघडायला लागणारी एक खूण डिस्कच्या खड्ड्यांतच दडवलेली. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हला ती खूण वाचताच येत नाही. तुमच्याकडची डिस्क ‘हायब्रिड’ असेल तर लॅपटॉपवर गाणं वाजेल, पण ते तिच्यातल्या साध्या सीडीच्या थरातलं. नाव सुपर, आवाज नेहमीचा! २००० मध्ये आलेल्या डीव्हीडी-ऑडिओचंही नशीब फार वेगळं नव्हतं.

मग कुलूप उघडलं कुणी? गेमिंगवाल्यांनी! सोनीच्याच प्लेस्टेशन ३ च्या पहिल्या मॉडेलांत एसएसीडी चालायची. जुनं फर्मवेअर, ३.५५ किंवा त्याआधीचं, असलेल्या मशीनमधून लोकांनी डिस्कची पूर्ण आयएसओ फाइल काढली. मला हा इतिहासातला सगळ्यात गमतीदार भाग वाटतो. पुढे काही ब्लू-रे प्लेअरमधूनही ते जमलं.

आयएसओ हाती आली की पुढचं सोपं. फूबार२००० मध्ये एसएसीडीचा प्लगइन टाकला की थेट वाजते. फोनसाठी फ्लॅक करायची असेल तर ८८.२ किंवा १७६.४ किलोहर्ट्झ निवडा, ९६ नको. २८२२.४ ला ८८.२ ने भागलं की बरोबर ३२ येतात, पूर्ण भाग जातो. आणि वरच्या पट्टीतला गोंगाट कापणारा फिल्टर चालू ठेवा; डीएसडीत ऐकू न येणाऱ्या भागात तो भरपूर असतो.

कायद्याचं काय? आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५ए आलं. हक्क मोडायच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. खासगी वापराला कलम ५२ मध्ये वाव आहे. स्वतःच्या विकत घेतलेल्या डिस्कची स्वतःपुरती कॉपी आणि टेलिग्रामवर टाकलेली कॉपी, या दोन गोष्टी एक नाहीत, बरं का.

आणि हो, एवढा खटाटोप ऐकू येतो का? २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी लोकांना डोळे झाकून निवडायला लावल्यासारखीच चाचणी घेतली. हाय-रिझोल्यूशन आवाज आणि तोच आवाज सीडीच्या दर्जावर उतरवलेला. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवलं तरी तेवढीच येतात! त्यातून तुमचे ब्लूटूथ इयरबड्स आवाज आणखी दाबूनच कानात पाठवतात.

तरी मी म्हणेन, ज्यांच्याकडे अशा डिस्क आहेत त्यांनी आयएसओ करून ठेवावी. चौपट डेटासाठी नाही. एसएसीडीचे बरेचसे मिक्स आणि मास्टरिंग साध्या सीडीपेक्षा वेगळे असतात, आणि त्या वाजवणारे प्लेअर दर वर्षी कमीच होत चाललेत.