नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

शनिवारी कपाट आवरताना एक जुना पेन ड्राइव्ह सापडला. त्यावर मार्करने 'सेटअप फायनल नवीन 3' असं लिहिलेलं. आत एक बॅच फाइल, माझीच. ती उघडली आणि आवरणं जे राहिलं ते राहिलंच! त्या फाइलची गोष्ट शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास.

मी शाळेत असताना आमचा कॉम्प्युटर दर सहा महिन्यांनी 'फॉर्मॅट मारायला' एक दादा यायचे. सीड्यांचं पाकीट, त्यात एक्सपी. अर्धा दिवस जायचा, दोन चहा व्हायचे. काम काय, तर निळ्या पट्टीकडे बघत बसायचं आणि ती थांबली की काहीतरी उत्तर द्यायचं. नाव काय, टाइमझोन कुठला, प्रॉडक्ट की काय. गंमत म्हणजे ही सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवायचं साधन त्याच सीडीवर, सपोर्ट फोल्डरमधल्या एका कॅब फाइलमध्ये होतं. त्यातून 'विनएनटी डॉट सिफ' नावाची फाइल बनवायची, फ्लॉपीवर ठेवायची, आणि सेटअप एकही प्रश्न न विचारता पुढे जायचा. दादांना हे माहीत होतं का, कोण जाणे. चहा मात्र बुडाला असता :-)

लिनक्सवाल्यांनी हा प्रश्न बराच आधी आणि मुळातून हाताळला होता. 1993 च्या ऑगस्टमध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या इयन मरडॉक नावाच्या विद्यार्थ्याने डेबियनची घोषणा केली. त्या वेळच्या एसएलएस नावाच्या लिनक्सला तो वैतागला होता. डेबियनमध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर म्हणजे एक पॅकेज, आणि आपल्याला आणखी काय काय लागतं हे ते पॅकेज स्वतःच सांगणार. मार्च 1999 मध्ये डेबियन 2.1 बरोबर 'अ‍ॅप्ट' आलं. नाव टाइप करा, लागणारं सगळं नेटवरून उतरवून योग्य क्रमाने बसणार. पण मला खरी हुशारीची वाटते ती जोई हेसने लिहिलेली 'डेबकॉन्फ' ही गोष्ट. तिने प्रश्न विचारणं आणि सॉफ्टवेअर बसवणं ही दोन कामं वेगळी केली. उत्तरं आधी भरून ठेवा, मग माणूस समोर नसला तरी चालेल.

विंडोजवर असं नव्हतं. प्रत्येक कंपनीचा सेटअप वेगळा, तऱ्हा वेगळी. न्यूझीलंडच्या मरे हॅझर्डने 1995 मध्ये 'घोस्ट' काढून वेगळाच रस्ता धरला. एक मशीन नीट लावा आणि तिच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल बाकीच्यांवर मारा. 1998 मध्ये सिमॅन्टेकने ते विकत घेतलं. ज्यांनी कॉलेजच्या लॅबमध्ये काम केलंय त्यांना हा शब्द क्रियापद म्हणूनच माहीत असेल, 'घोस्ट मारला का?'

मायक्रोसॉफ्टने ऑफिस 2000 बरोबर, म्हणजे 1999 मध्ये, विंडोज इन्स्टॉलर आणला. त्याच्या एमएसआय फायलींना ठरलेले स्विच होते, आणि काम संपल्यावर त्या एक नंबर परत द्यायच्या. शून्य म्हणजे झालं. 3010 म्हणजे झालं, पण रीस्टार्ट करा. 1618 म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, नंतर या. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा.

पण सगळे थोडेच एमएसआय देत होते! विनअ‍ॅपवाल्या नलसॉफ्टच्या इन्स्टॉलरला स्लॅश एस द्यायचा, तोही कॅपिटलच. इनो सेटअपला व्हेरीसायलेंट. आणि ज्यांना कुठलाच स्विच नव्हता त्यांच्यासाठी जोनाथन बेनेटचं ऑटोइट होतं, 1999 पासूनचं. ते चक्क माणसाची नक्कल करायचं. अमुक नावाची खिडकी येईपर्यंत थांब, आली की नेक्स्ट दाब. खिडकीचं नाव बदललं की स्क्रिप्ट तिथेच बसून राहायची.

पुढे 2011 मध्ये रॉब रेनॉल्ड्सने चॉकलेटी आणलं आणि विंडोजलाही 'नाव टाइप करा, बसवा' ही सोय मिळाली. मायक्रोसॉफ्टला स्वतःचं विनगेट जाहीर करायला मे 2020 उजाडला, आणि तेही वादातच. किवान बेगी नावाच्या कॅनडातल्या डेव्हलपरने अ‍ॅपगेट बनवलं होतं. त्याच्याशी मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये बोलणी केली, डिसेंबरमध्ये मुलाखतीला बोलावलं, मग काही महिने गप्प. विनगेट जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी त्याला कळवलं. त्याचं म्हणणं, कोड घ्या हो, ओपन सोर्सच आहे, पण नाव तरी घ्या. बोभाटा झाल्यावर मायक्रोसॉफ्टने जाहीर श्रेय दिलं. त्याने अ‍ॅपगेट बंद केलं ते केलंच. मी आज रोज विनगेट वापरतो आणि दर वेळी थोडं खटकतं.

असो. आता पेन ड्राइव्ह.

मार्च 2020 चा तिसरा आठवडा. मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. ऑफिस बंद होणार आणि लोक डेस्कटॉप टेम्पोत घालून घरी नेणार, असं ठरलं. 64 मशीन, दोन दिवस. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, स्क्रिप्ट लिहितो की! आधी एक सेटअप, मग तीन मिनिटं थांब, मग व्हीपीएनचा एमएसआय. शेवटी स्क्रीनवर 'सगळं झालं'.

तो पहिला सेटअप एक लबाड होता. आतला इन्स्टॉलर चालू करून द्यायचा आणि स्वतः लगेच बाहेर. म्हणून तर मी तीन मिनिटं ठेवली होती. माझ्या एसएसडीवाल्या मशीनवर ती पुरली. जुन्या हार्ड डिस्कवर पुरली नाहीत. तिथे व्हीपीएनला उत्तर मिळालं 1618, आणि माझ्या स्क्रिप्टने तो नंबर बघितलाच नाही. 'सगळं झालं' मात्र 64 च्या 64 ठिकाणी छापलं.

19 जणांकडे व्हीपीएन नव्हतं. म्हणजे रिमोटने दुरुस्त करायची सोयही नव्हती. टीममधल्या एक सीनियर ताई लातूरला पोचल्या होत्या, त्यांचा फोन आला, "अरे, मला ते चिन्हच दिसत नाहीये रे. सोमवारी क्लायंटला काय सांगू?" प्रोजेक्टमधून कोणाला कमी करायचं याच्या याद्या तेव्हा बनत होत्या, आणि 'लॉगिन नाही' हे कारण कुणाच्याही नावापुढे लागू शकत होतं. मी मॅनेजरला मेल करून चूक माझी आहे असं लिहिलं. मग रविवार आणि सोमवार मिळून 19 फोन. फाइल कुठे आहे, डबल क्लिक करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड सांगतो (तो नंतर सगळीकडे बदलावा लागला), आता काय दिसतंय?

ताईंचा मुलगा स्क्रीनवरचं वाचून दाखवत होता. मी इकडून म्हणत होतो, "नेक्स्ट दाब. परत नेक्स्ट. आता थांब, पट्टी पुढे सरकतेय ना? मग ती भरेपर्यंत काहीही दाबू नकोस."