सेवाग्राम, पवनार आणि छापण्याचा हक्क

गांधीजींच्या ‘हिंद स्वराज’चे इंग्रजी भाषांतर १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्सच्या छापखान्यातून निघाले. हक्क राखून ठेवलेले नाहीत, असा शेरा त्यावर होता. ज्याला हवे त्याने खुशाल छापावे, ही भूमिका मात्र पुढे सेवाग्रामला राहायला आल्यावर त्यांना मुरडावी लागली. ‘हरिजन’चा इंग्रजी अंक हाती पडताच वृत्तपत्रे त्यातले लेख घाईघाईने देशी भाषांत उतरवीत. अर्थ बिघडे आणि बिघडलेला मजकूर गांधीजींच्याच नावावर खपे. अखेर १९४० मध्ये भाषांतराचे हक्क राखले गेले. त्याच वर्षी मृत्युपत्र करून त्यांनी आपल्या लेखनाचे हक्क अहमदाबादच्या नवजीवन ट्रस्टला दिले.

परदेशात हे हक्क बजावणे सोपे नव्हते. १८८६ च्या बर्न करारात भारत १९२८ मध्ये आला. अमेरिका त्यात १९८९ पर्यंत नव्हतीच. बाहेर छापलेल्या इंग्रजी पुस्तकाला तिथे पूर्ण संरक्षण हवे, तर ते तिथेच पुन्हा छापावे लागे. भारतातल्या लहान प्रकाशकाला हे कुठले परवडणार?

देशात १९१४ च्या आणि नंतर १९५७ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत दिली. टागोरांच्या साहित्यावरील हक्क संपत आले, तेव्हा ती ६० वर्षे झाली. त्यामुळे गांधीजींचे लेखन १ जानेवारी २००९ ला सर्वांना मोकळे झाले. नवजीवनने मुदतवाढ मागितली नाही. ‘आत्मकथे’ची किंमत त्यांनी इतकी कमी ठेवली होती की चोरून छापणाऱ्याला त्यात फारसे काही सुटणार नाही; कायद्यापेक्षा हा बंदोबस्त चोख म्हणायचा.

भाषांतराचा हिशेब मात्र वेगळा, कारण तिथे भाषांतरकाराचे आयुष्य मोजतात. आप्पासाहेब पटवर्धनांनी ‘सत्याचे प्रयोग’ मराठीत आणले. ते १९७१ मध्ये वारले. मूळ ग्रंथ मोकळा झाला, तरी त्यांच्या मराठीला २०३१ अखेरपर्यंत संरक्षण आहे.

पवनारच्या परंधाम प्रकाशनाने विनोबांची ‘गीताई’ अशीच स्वस्तात घरोघर पोहोचवली. वर्ध्याच्या गोपुरीतल्या गीताई मंदिरात तर ती उभ्या शिळांवर कोरलेली आहे. वर छप्पर नाही. येणाऱ्याने वाचावी, हवी तर उतरवून घ्यावी. विनोबांचे निधन १९८२ चे, त्यामुळे ती छापून विकण्याचा हक्क कायद्याने २०४२ अखेरपर्यंत राखलेला आहे.