शिबिरे नावाची माशी

'शिबिरे' म्हटलं की आपल्याला रक्तदान आठवतं. जपानीत मात्र शिबिरे म्हणजे बधिर होणं, मुंग्या येणं. १९७३ साली कॅनडात व्हँकूवरला डेव्हिड सुझुकींच्या प्रयोगशाळेने फळमाशीच्या (पिकल्या केळ्यांवर घोंघावणारं ते चिलट हो!) एका बिघडलेल्या जनुकाला हे नाव दिलं. या माश्या एरवी मजेत उडतात, पण २९ अंशांवर नेल्या की मिनिटा-दोन मिनिटांत लुळ्या पडतात. पुन्हा गारव्यात आणल्या की उठून चालायला लागतात. (गंमत म्हणजे सुझुकी स्वतः लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाचे म्हणून खरोखरच छावणीत होते. नावाचा त्याच्याशी संबंध नाही, मराठी डोक्यात उगाच जुळलं.)

लुळ्या का पडतात? चेतातंतूच्या टोकाला रसायनाने भरलेले सूक्ष्म बुडबुडे असतात. ते पेशीपटलाला चिकटून रिकामे झाले की तेवढं पटल आत ओढून, गळा दाबून, नवा बुडबुडा बनवावा लागतो. १९७९ साली पूड्री आणि एडगर यांनी लुळ्या माश्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. खळगे तयार झालेले, पण गळा तुटलेलाच नाही! आणि त्या गळ्याभोवती एक काळपट पट्टा.

तो पट्टा कशाचा, हे तेव्हा कळलं नाही. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, श्पेटनर आणि व्हॅली यांनी वासराच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळं केलं. ते पेशीतल्या सूक्ष्मनलिकांना हलवत असावं असं वाटून त्याचं नाव ठेवलं डायनॅमिन. १९९१ मध्ये शिबिरेचं जनुक वाचलं गेलं, तर ती याच प्रथिनाची पाककृती निघाली. नलिकांची कल्पना मागे पडली, नाव राहिलं. १९९५ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन लेख आले: एकात शुद्ध डायनॅमिन आपणहून कड्यांमध्ये जुळताना दिसलं, दुसऱ्यात चेतातंतूच्या टोकांवर तीच कडी.

आता माझा आवडता प्रश्न. डायनॅमिन तर पेशीत सगळीकडे तरंगतंय. मग कडं नेमकं गळ्यावरच का जुळतं?

आपल्या शाळेच्या पुस्तकात पेशीपटल म्हणजे नुसती पिशवी. सगळं काम प्रथिनांचं, पिशवीचा आकार हा त्यांचा परिणाम. वास्तविक पटल वाकवायला किती ऊर्जा लागते याचं गणित हेल्फ्रिख या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच मांडलं होतं, शिबिरेच्याच वर्षी. पण मला वाटतं, जनुकांच्या त्या सुवर्णकाळात जीवशास्त्रज्ञांना 'वाक' हे कारण असू शकतं असं मनापासून वाटतच नव्हतं.

२००४ मध्ये केंब्रिजला मॅकमहॉन यांच्या गटाने अँफिफायसिन या प्रथिनाच्या एका भागाची रचना काढली (तीही फळमाशीचीच). चक्क केळ्यासारखी! आतल्या बाजूला धन प्रभार, त्यामुळे ते ऋण प्रभाराच्या वाकलेल्या पटलावर अचूक बसतं. अँफिफायसिन पुढे डायनॅमिनलाही धरतं. मग २०१० मध्ये रू, बासेरो आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम पटलाची नळी ओढून हवी तेवढी बारीक केली. जाड नळीवर डायनॅमिन कडं सुरूच करेना. त्रिज्या १० ते ३० नॅनोमीटरच्या खाली गेली की लगेच. (नेमका आकडा डायनॅमिन किती आहे त्यावर ठरतो.) कासार मनगट बघून बांगडी काढतो ना, तसंच. फक्त इथे बांगडीचे तुकडे मनगटावरच जुळतात, आणि मनगट जाड असेल तर जुळतच नाहीत.

हे जुळणं बिघडलं तर? २००५ मध्ये डायनॅमिन-२ या भावंडाच्या जनुकातले बदल स्नायूंच्या एका आनुवंशिक दुबळेपणामागे सापडले. पुढे दिसलं की त्यातल्या अनेक बदलांत प्रथिन गरजेपेक्षा घट्ट जुळतं आणि सुटायला तयार होत नाही. माशीत कडं काम करेना म्हणून लुळेपणा, माणसात कडं सुटेना म्हणून.

आपल्याकडेही हा धागा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन यांनी शिबिरे माश्यांवर काम केलं. पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडिल यांच्या गटाने काचेवर पटलाच्या बारीक नळ्या पसरून त्यांवर डायनॅमिन सोडलं, आणि कडं जुळताना, नळी आवळताना आणि ती तुटताना सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष पाहिली. ते काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. पाषाण रस्त्यावरून जाताना मला हल्ली तेच आठवतं.