प्लगचे तोंड कोणीकडे?

लातूरच्या आमच्या एका स्नेह्यांनी जुनी प्रीमियर पद्मिनी हौसेने जपली आहे. उन्हाळ्यात ती चढावर धापा टाकू लागली, म्हणून त्यांनी ती नांदेडच्या एका अनुभवी मिस्त्रींना दाखवली. मिस्त्रींनी चारही प्लग काढले, साफ केले, गॅप जुळवली. मग प्रत्येक प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने खूण केली आणि ठिणगीची उघडी बाजू मिश्रण आत सोडणाऱ्या झडपेकडे येईल, असे ते पुन्हा बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडातच चालवून पाहिली, तर गाडी हलकी पळू लागली होती. "प्लगचं तोंड उलटीकडं होतं," मिस्त्री म्हणाले. स्नेह्यांनी आम्हाला विचारले, यात तथ्य किती?

प्लगच्या टोकाशी दोन इलेक्ट्रोड असतात. एक मधोमध, दुसरा बाजूने येऊन त्याच्यावर वाकलेला. दोहोंमध्ये जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट. प्लग आट्यांवर फिरवून घट्ट करतात. त्यामुळे वाकलेला इलेक्ट्रोड शेवटी कोणत्या बाजूला थांबेल, हे निव्वळ योगायोगावर असते.

विजेच्या ठिणगीने इंजिन पेटवण्याची कल्पना जुनी आहे. १८६० साली पॅरिसमध्ये लेन्वार यांनी आपले गॅस इंजिन अशाच ठिणगीवर चालवले. पण त्यात मिश्रण आधी दाबले जात नसे. १८७६ साली ऑटो यांनी मिश्रण दाबून पेटवणारे चार धावांचे इंजिन यशस्वी केले. मात्र ते पेटे एका लहानशा ज्योतीने. वेगाने फिरणाऱ्या मोटारीच्या इंजिनाला ही पद्धत पुरेना. १९०२ साली जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग तयार केला, तेव्हा कुठे ठिणगी भरवशाची झाली.

ठिणगी पडली, पण आग पसरते कशी? पद्मिनीच्या इंजिनात एका सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आहे. पेट्रोल आणि हवेच्या स्तब्ध मिश्रणात ज्योत सेकंदाला साधारण अर्धा मीटर या वेगाने पुढचे मिश्रण जाळत जाते. ढोबळ हिशेबाने ६८ मिलिमीटर ओलांडायला तिला सेकंदाचा सातवा हिस्सा लागेल. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात दट्ट्याची एक धाव मात्र सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात संपते. म्हणजे या हिशेबाने इंजिन चालायलाच नको!

हे कोडे सोडवणारा प्रयोग १९१२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये डुगाल्ड क्लार्क यांनी केला. त्यांनी मिश्रण आत घेऊन नेहमीप्रमाणे पेटवले आणि दाब किती झपाट्याने वाढतो ते नोंदले. मग तसेच मिश्रण घेऊन झडपा बंद ठेवल्या, ठिणगी न पाडता दट्ट्या आणखी काही वेळा वरखाली होऊ दिला आणि त्यानंतर पेटवले. या खेपेला ज्वलन बरेच मंदावले. आत येताना हवेत उठलेले भोवरे दरम्यानच्या वेळात शमले होते. ज्योत वेगाने पसरते ती या भोवऱ्यांमुळे. पुढे हॅरी रिकार्डो यांनी हे ज्ञान ज्वलनकक्षाच्या रचनेत उतरवले.

मिस्त्रींच्या म्हणण्याचे मूळही इथेच आहे. ठिणगीतून प्रथम ज्योतीचा एक इवलासा गोळा जन्मतो. लगतचा थंड धातू त्याची उष्णता ओढून घेतो. येणारा झोत वाकलेल्या इलेक्ट्रोडमागे अडला, तर या गोळ्याची वाढ किंचित रेंगाळू शकते. उघड्या बाजूने आला, तर सुधारू शकते. शर्यतीच्या गाड्यांचे मिस्त्री म्हणूनच वेगवेगळ्या जाडीचे वॉशर घालून प्लगची दिशा जुळवतात. पण लाभ किती? बहुतेक इंजिनांत एक टक्क्याहूनही कमी. पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन सुमारे ४० अश्वशक्तीचे. म्हणजे फायदा अर्ध्या अश्वशक्तीच्याही आतला.

आता स्नेह्यांच्या प्रवासाकडे पाहू. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर, तर नांदेड सुमारे ३६० मीटरवर. चाकूर, अहमदपूर, लोहा करत गाडी नांदेडला उतरते, तेव्हा हवेचा दाब सुमारे ३ टक्क्यांनी वाढलेला असतो. शिवाय दुपारचे ४० अंश आणि सकाळचे २५ अंश यांत हवेच्या घनतेचा फरक जवळजवळ ५ टक्क्यांचा. हवा दाट झाली की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरते आणि ताकद वाढते. त्यात प्लग साफ झालेले आणि गॅपही नीट झालेली. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय एकट्या दिशेला कसे द्यायचे?

मिस्त्री चुकले, असे आम्ही म्हणत नाही. त्यांचे तत्त्व बरोबर आहे. पुरावा मात्र अपुरा आहे. क्लार्क यांनी एकच गोष्ट बदलली आणि बाकी सारे तसेच ठेवले. आम्ही स्नेह्यांना तेच सुचवले: तेच प्लग, तोच चढ, तीच वेळ, फक्त दिशा बदला, चालवणाऱ्याला ती सांगू नका आणि प्रयोग अनेक वेळा करा. फरक दिसला नाही, तर तेही एक उत्तरच.

पद्मिनीचे उत्पादन केव्हाच थांबले. मुंबईची अखेरची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. प्लगच्या दिशेचा प्रश्न मात्र नव्या रूपात परतला आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत फवारा आणि ठिणगी यांची जागा नेमकी जुळावी लागते. म्हणून अशा काही इंजिनांत प्लगचे आटेच असे पाडतात, की घट्ट केल्यावर इलेक्ट्रोड ठरलेल्या बाजूलाच थांबावा.

वर्गात हा विषय घ्यायचा, तर गॅरेजमधून एक टाकाऊ प्लग आणावा. त्याची दिशा दाखवणारी खूण मुलांना करू द्यावी. १४ मिलिमीटरच्या प्लगचे आटे एका फेऱ्यात १.२५ मिलिमीटर पुढे जातात. मग दिशा पाव फेरा बदलायला वॉशर किती जाड हवा, हे मुलांनाच काढू द्यावे. उत्तर येईल सुमारे ०.३१ मिलिमीटर. दिशा साधण्यासाठी प्लग जास्त आवळणे मात्र चूक. त्याने ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात. चालू इंजिनाच्या प्लगला तर हातही लावू नये. तेथे हजारो व्होल्टची वीज असते.

आणि शेवटी मुलांना विचारावे: गाडी सुधारली हे खरे, पण ती कशाने सुधारली हे ठरवायला तुम्ही काय कराल?