कृत्रिम प्रज्ञेने घडवलेली चित्रे : ओळख व कारणे

चित्र कॅमेऱ्याने टिपलेले की संगणकीय प्रारूपाने रचलेले, हे ठरवणे आणि ते कशावरून ठरवले हे दाखवणे, अशी या तपासाची दोन अंगे आहेत. पहिल्यासाठी साधने पुष्कळ झाली. दुसरे अजून लंगडेच आहे.

इयान गुडफेलो व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या ‘गॅन’ पद्धतीनंतर अशा चित्रांना वेग आला. आता डिफ्यूजन प्रारूपांचा जोर आहे. ती विस्कळीत ठिपक्यांतून टप्प्याटप्प्याने आकार काढतात. शोधक प्रणाली ठिपक्यांतल्या खुणा हेरून शक्यतेची टक्केवारी देते. निर्णय चित्राच्या कोणत्या भागामुळे झाला, ते २०१७ च्या ग्रॅड-कॅमसारख्या पद्धती रंगछटांनी दाखवतात. तिथे नेमके काय चुकले, हे मात्र त्या विषयाचा जाणकारच सांगू शकतो.

उदाहरणार्थ, केळीच्या बागेच्या चित्रात काय चुकले ते रावेर-यावलच्या केळी बागाईतदाराला एका नजरेत कळते. केळीच्या एका खोडाला एकच घड लागतो आणि फण्यांतली पोसलेली केळी वर वळतात. एकाच खोडाला तीन-चार घड, किंवा सगळी केळी टोके खाली करून लोंबणारी दिसली, की चित्राविषयी संशय घ्यावा. घडाखाली केळफूल नसणे हा मात्र पुरावा नव्हे. घड पूर्ण निसवल्यावर ते बहुधा कापूनच टाकतात.

शोधकाच्या निकालाची मर्यादा चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–८९) यांच्या टेबलटॉप छायाचित्रांवरून समजते. टेबलावर वस्तू मांडून ते खरे भासणारे देखावे उभे करत. असे छायाचित्र शोधकाने कॅमेऱ्याचे ठरवले तर ते बरोबरच. पण म्हणून देखावा खरा ठरत नाही.

इतिहास संशोधकांची रीत इथे अधिक उपयोगी पडते. ते जुन्या पत्राचे अस्सलपण कागद, अक्षराचे वळण, मिती आणि शिक्का पाहून तपासतात, शिवाय पत्र कोणाच्या दप्तरातून आले हेही विचारतात. २०२१ मध्ये स्थापन झालेल्या सीटूपीए गटाचे मानक चित्राच्या उगमाची आणि बदलांची अशीच नोंद फाइलसोबत ठेवते. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीतून ही नोंद सहसा गळते, म्हणून तपासासाठी मूळ फाइलच मागावी.